ऋतूंची खातेवही : डहाणू ते तलासरी

दिवाळीत चोपडीपूजन होते, नवी वही उघडली जाते आणि पहिल्या पानावर मागची शिल्लक पुढे ओढली जाते. नेमक्या याच दिवसांत डहाणूच्या किनाऱ्यावर नव्या वर्षाची आवक सुरू झालेली असते. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून निघालेले कुरव, सुरय, चिखले आणि तुतवार हे पक्षी ओहोटीच्या ओल्या वाळूवर उतरू लागलेले असतात. त्यामुळे डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील निसर्गाचे वर्षभर छायाचित्रण करू इच्छिणाऱ्याने आरंभ कार्तिकापासून करावा, हे व्यापारी रीतीलाही धरून आहे आणि निसर्गाच्या रीतीलाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. हे दोन तालुके त्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून आहेत. डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या तेथवर धावतात. तलासरीला रेल्वे नाही, मात्र राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ गावाला लागून जातो. पश्चिमेला समुद्र, त्याच्या काठाने सुरूची बने, मग चिकूच्या वाड्या, त्यापुढे भातखाचरे आणि पूर्वेला साग-पळसाचे डोंगर, अशी या भूमीची मांडणी आहे. येथे व्याघ्रप्रकल्प नाही, उघड्या जीपमधून होणारी सफारी नाही आणि दुर्मीळ प्राण्यासाठी लागणारी रांगही नाही. जे आहे ते नित्याचे आहे. पण समुद्राच्या रेतीपासून डोंगरातील मोहाच्या झाडापर्यंतचे हे सारे नित्य जग मोटारीने तासा-दोन तासांत ओलांडता येते. एवढ्या थोड्या अंतरात इतके वैविध्य फार थोड्या ठिकाणी सापडते.

हेमंत आणि शिशिर हा किनाऱ्याचा काळ. डहाणू, नरपड, बोर्डी आणि पुढे तलासरी तालुक्यातील झाई येथवरचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी दूर जाते आणि पक्षीही पाण्याबरोबर दूर जातात. नवखा छायाचित्रकार अशा वेळी चिखलातून त्यांच्या मागे धावतो आणि त्याच्या हाती उडून जाणाऱ्या पाठी तेवढ्या लागतात. जाणता माणूस तिथी पाहून घरून निघतो. कोकण किनाऱ्यावर एक जुना ढोबळ हिशेब प्रचलित आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या पुढे. स्थानपरत्वे वेळ थोडी मागेपुढे होते, परंतु बेत आखण्यास एवढे पुरते. एकादशीच्या सकाळी सव्वाआठच्या आसपास भरती म्हणजे सूर्योदयापासून पाणी चढत असते. चढते पाणी पक्ष्यांना आपोआप काठाकडे आणते. माणसाने सुरूच्या झाडाजवळ स्वस्थ बसून राहावे, पक्षी त्याच्याकडे येतात. घराघरांत तिथी पाळणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब अवघड जाऊ नये.

प्रकाशाचाही विचार येथे करावा लागतो. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्याच्या पिसांचा रंग, डोळ्यांतील चमक स्पष्ट येते. सायंकाळी सूर्य समोर असतो, तेव्हा पक्षी काळ्या आकृतीसारखे दिसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सायंकाळी सूर्यास्ताच्या वेळीच ओहोटी असते आणि भिजल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांच्या नक्षीवर तिरपा प्रकाश पडतो. त्या वेळी पक्ष्यांचा नाद सोडून पायाखाली पाहावे. डहाणूच्या खाडीतील तिवरांच्या मुळांशी निवट्या नावाचे चिखलात उड्या मारणारे मासे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे असतात. त्यांना टिपण्यासाठी मोठी भिंग लागत नाही. मोबाइल जमिनीलगत धरून दहा मिनिटे न हलता थांबण्याची तयारी मात्र लागते.

किनाऱ्यावरून आत वळले की घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या लागतात. मध्य अमेरिकेतून आलेले हे फळझाड येथील पारशी-इराणी बागायतदारांच्या हाती रुजले आणि आज डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन आहे. व्यापारी चिकूची पेटी पाहतो, त्या पेटीमागचे झाड मात्र क्वचितच पाहिले जाते. थंडीत वाडीत हळद्या पक्ष्याची शीळ ऐकू येते, बुंध्याच्या ढोलीत पिंगळा बसलेला असतो आणि अंधार पडताच वटवाघळे पिकल्या फळांवर येतात. फळ वाचवण्यासाठी काही बागायतदार झाडांवर जाळी टाकतात. त्याच जाळीत कधी एखादे वटवाघूळ अडकते. बागायतदाराचे नुकसान खरे आहे आणि त्या जिवाची तडफडही खरी आहे. प्रामाणिक छायाचित्रात या दोन्ही गोष्टी याव्यात.

फाल्गुन लागला की किनाऱ्यावरील पाहुण्यांची परतीची तयारी सुरू होते आणि पाहण्याजोगे सारे डोंगराकडे सरकते. तलासरीच्या बाजूला काटेसावर आणि पळस पाने टाकून फुलतात. निष्पर्ण फांदीवरील लाल-केशरी फुलांत मध असतो, म्हणून एकाच झाडावर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे येतात. भोरड्या परदेशी पाहुण्या आहेत. चैत्रात त्या परत निघतात. पळसाचे एक झाड निवडून सकाळी सात ते नऊ त्याच्यापाशी थांबले तर दिवसभर रानात भटकून मिळणार नाहीत एवढे पक्षी मिळतात. याच सुमारास मोह फुलतो. त्याची फुले पहाटे गळतात आणि उजाडण्याआधी वारली, दुबळा, कोकणा कुटुंबे टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. हे दृश्य टिपताना माणसांची परवानगी विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. पक्ष्याला विचारता येत नाही, माणसाला येते.

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा भरते आणि सारा तालुका त्या डोंगराच्या पायथ्याशी लोटतो. यात्रा सरल्यानंतरचा वैशाख मात्र निर्जन असतो. बहाव्याचे पिवळे घोस आणि ओढ्याकाठच्या तामणाची जांभळी फुले एवढाच रंग शिल्लक राहतो. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. दापचरीच्या दुग्धप्रकल्पासाठी बांधलेल्या कुर्झे धरणासारख्या जलाशयांचे पाणी या दिवसांत खाली जाते आणि काठाची खडेमिश्रित जमीन उघडी पडते. टिटवी अंडी घालते ती अशाच जमिनीवर. घरटे म्हणावे असे काही नसते. खड्यांमध्ये उथळ खळगा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची, बहुधा चार अंडी.

येथे छायाचित्रकाराची परीक्षा होते. माणूस जवळ येताच टिटवी ओरडत उडते आणि डोक्यावर घिरट्या घालते. ती उडाली की अंडी सापडणे सोपे जाते आणि चित्रही सोपे होते. परंतु वैशाखाच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. पाण्यात पोट भिजवून येऊन ती अंडी गार ठेवते. माणूस पाऊण तास त्या जागी थांबला तर तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात भाजतात. त्या चित्राखाली कितीही सुंदर ओळ लिहिली तरी त्याची किंमत चार पिलांनी चुकती केलेली असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या अनेकांना ठाऊक नसते. पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे यालाही तो कायदा शिकारच म्हणतो. हाती बंदूक नव्हती, कॅमेरा होता, ही सबब त्या व्याख्येपुढे लंगडी पडते. म्हणून विणीच्या काळात घरट्याचे चित्र घेऊ नये, पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज लावून त्याला बोलावू नये, आणि एखादे घरटे दिसलेच तर त्याची जागा कोणालाही कळवू नये.

मृग नक्षत्र लागते आणि पहिल्या दमदार पावसानंतर एका रात्रीत दृश्य पालटते. मखमली लाल अंगाचे मृगाचे किडे मातीवर दिसू लागतात. भातखाचरांत पाणी साचताच मोठे बेडूक बाहेर येतात. एरवी मातकट हिरवा असणारा नर विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. हा रंग थोडेच दिवस टिकतो. जो त्या आठवड्यात गेला नाही त्याला वर्षभर थांबावे लागते. शिंदी आणि ताडाच्या झापांवर, विशेषतः विहिरीवर झुकलेल्या झाडांवर, सुगरणीची वसाहत उभी राहते. नर पक्षी खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तपासते आणि पसंत पडला तरच पुढचे काम होते. नापसंत झालेले अर्धवट खोपे तसेच लोंबत राहतात. विहिरीच्या पलीकडच्या काठावरून, दूर उभे राहून हे सारे पाहता येते.

पावसाळ्यातील समुद्र मात्र चित्रासाठी जाण्याजोगा नसतो. खवळलेल्या पाण्याबरोबर या किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवे वाहून येतात. समुद्रात टाकून दिलेल्या वा तुटलेल्या जाळ्यांत अडकून अनेकांचे पाय कापले गेलेले असतात. डहाणूत वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक संस्था यांच्यामार्फत कासवांचे उपचार केंद्र चालते. ऑलिव्ह रिडले आणि हिरवी कासवे तेथे येतात, बरी होणारी पुन्हा समुद्रात सोडली जातात. किनाऱ्यावर कासव दिसल्यास आधी वनविभागाला कळवावे, त्याला पाण्यात ढकलू नये. थकलेला जीव लाटांत बुडतो. एक चित्र अवश्य घ्यावे, कारण त्यावरची वेळ आणि जागा उपचार करणाऱ्यांना उपयोगी पडते.

भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरतो. तलासरीच्या माळांवर तेरडा आणि कुरडू फुलतात, भात निसवते आणि ओल्या गवतावर हजारो चतुर घिरट्या घालू लागतात. पिवळसर अंगाचा हा चतुर इतका सामान्य आहे की त्याच्याकडे कॅमेरा वळवावा असे कोणाला वाटत नाही. परंतु त्याची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. मालदीव बेटांवर राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरात तेथे अचानक चतुरांचे थवे दिसत. गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नसलेल्या त्या बेटांवर हे चतुर येतात कोठून, असा प्रश्न त्यांना पडला. १९९६ पासून त्यांनी एवढेच केले, की पहिला चतुर दिसल्याची तारीख दरवर्षी लिहून ठेवली. भारतात ते आधी दिसतात, मालदीवमध्ये नंतर, आणि त्याहीनंतर आफ्रिकेत. तारखा जुळवल्यावर २००९ मध्ये त्यांनी मांडले, की हे चतुर मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन भारताकडून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात. प्रयोगशाळा नव्हती, मोठा खर्च नव्हता. एका सामान्य कीटकाची तारीखवार नोंद होती, आणि ती एकही वर्ष चुकली नव्हती.

या भूमीला अशी नोंद परकी नाही. वारली समाजाने घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जी चित्रे काढली त्यांत ताडाचे झाड, मुंग्यांची रांग, भाताची लावणी, कोंबड्या, साप आणि नाचणारी माणसे ही सारी एकाच मोलाची आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांत दुर्मीळ प्राण्याचा शोध नाही. गावात रोज जे दिसते तेच तेथे पुनःपुन्हा, बारकाईने आणि आदराने येते. कॅमेरा घेऊन येणाऱ्याला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

हा धडा आज का आवश्यक आहे, याला कारण आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. तालुक्यातील उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर क्षेत्राची मर्यादा घातली गेली आणि भोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा आखला गेला. शेजारचे तलासरी त्या पट्ट्यात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव नामंजूर केला. पुढे परिस्थिती पालटली. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून अधिक लांबीची लाटरोधक भिंत या आराखड्यात आहे. तलासरीच्या बाजूने मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्ग जात आहेत.

बंदराबद्दल मच्छीमार, बागायतदार आणि व्यापारी यांची मते एक नाहीत. कोणाला त्यात उपजीविकेचा अंत दिसतो, कोणाला पुढच्या पिढीची संधी. तो निवाडा एका लेखाने होण्यासारखा नाही. परंतु व्यापारी घरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आरंभीची शिल्लक लिहिलेली नसेल तर वर्षअखेरीस नफा झाला की तोटा, हे कोणताही लेखापरीक्षक सांगू शकत नाही. वीस वर्षांनी कोणी म्हणेल की किनाऱ्यावर पक्षी पूर्वीइतकेच आहेत, कोणी म्हणेल की सारे संपले. दोघांच्याही हातात पुरावा नसेल. आज डहाणूच्या किनाऱ्यावर किती कुरव उतरतात, बोर्डीची वाळू कोठपर्यंत आहे, झाईच्या मुखाशी तिवरांची दाटी किती आहे, तलासरीचा एखादा पळस कोणत्या आठवड्यात फुलतो, याची नोंद करण्याची वेळ हीच आहे. बदल झाल्यानंतर मागच्या तारखेची नोंद करता येत नाही. वहीत तसे करणाऱ्याला काय म्हणतात, हे पेढीवर सर्वांना ठाऊक आहे.

नोंद ठेवण्याची रीत सोपी आहे. पाच जागा निवडाव्यात : किनाऱ्याचा एक ठरावीक भाग, खाडीतील तिवरांचा एक पुंजका, चिकूच्या वाडीचा एक कोपरा, पळसाचे किंवा मोहाचे एक झाड आणि कुर्झे किंवा अस्वाली धरणाचा एक काठ. प्रत्येक ऋतूत एकदा, म्हणजे वर्षातून सहा वेळा, त्याच जागी उभे राहून त्याच दिशेला तोंड करून चित्र घ्यावे. मोबाइल तारीख आणि वेळ स्वतः नोंदवतो, परंतु तिथी, भरती-ओहोटी आणि दिसलेल्या जीवांची नावे वहीत हाताने लिहावीत. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे, चुकीचे नाव लिहू नये. चित्रातील नको असलेली विजेची तार किंवा कचरा संगणकावर पुसू नये. तोही हिशेबाचा भाग आहे. ज्यांना अधिक रस असेल त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर आणि झाडांच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात द्याव्यात. दर आठवड्याला एकाच झाडाची पाने, फुले, फळे पाहून कळवणे एवढेच त्यात अपेक्षित आहे, आणि शाळकरी मुलेही ते करतात.

घरातील मुलांच्या हाती मोबाइल आहे, ही अनेक कुटुंबांची तक्रार असते. त्याच मोबाइलसह त्यांना वर्षातून सहा सकाळी डहाणूच्या गाडीत बसवता येईल. आजोबांनी तिथीवरून भरतीचा हिशेब करावा, नातवंडांनी चित्र घ्यावे, कोणीतरी वही लिहावी. पहिल्या वर्षी त्या चित्रांत विशेष काही दिसणार नाही. वाळू, झाड, चार पक्षी. दुसऱ्या दिवाळीत दोन्ही वर्षांची चित्रे शेजारी ठेवली की पहिला फरक दिसू लागेल आणि पाचव्या-सहाव्या वर्षी ती वही घरापुरती राहणार नाही. तोपर्यंत कार्तिकातील एकादशीची सकाळ ठरवावी, सव्वासहाच्या आत किनारा गाठावा आणि चढत्या पाण्याची वाट पाहत सुरूच्या झाडाखाली शांत बसावे.